दोन दिवस कोरे ठेव

"अगं, काल संध्याकाळी तुमच्या अंगणात कसला गोंधळ चालला होता? तुझे हे, भर उन्हाळ्यात रेनकोट घालून उभे, आणि लेक त्यांच्यावर पाइपनं पाणी मारतीये. मी म्हटलं, उन्हानं काही झालं की काय माणसाला!"

"काही विचारू नका काकू. चार हजारांचा रेनकोट आणलाय. तो गळतो का ते बघत होते. आम्ही हिमालयात निघालोय ना, जुलैअखेर. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड."

"आणि गळला का?"

"बगलेतून गळला! दुकानदार म्हणतो, पाइपचं पाणी जोरात असतं, पाऊस असा पडत नाही. यांचं म्हणणं, सह्याद्रीत आयुष्य गेलं आमचं, पावसाचं आम्हाला काय सांगता?"

"तेच तर अडचणीचं आहे बघ. आपण पावसाळी ट्रेकला जातो ते मुळी भिजायलाच. सुती टी-शर्ट घालायचा, चिंब व्हायचं, खाली येऊन कांदाभजी हाणायची. थंडी वाजली तरी तासाभरात गाडीत बसतो. तिकडे हेमकुंडला ४३०० मीटरवर ओलं होऊन वाऱ्यात उभी राहिलीस तर अंगातली ऊब निघून जाते. आधी थरथर, मग पाय अडखळतात, मग जीभ जड होते. शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा पोरांना सांगायचे, हिमालयात माणूस गोठायला बर्फ लागत नाही, पाऊस आणि वारा पुरतो."

"म्हणजे जीन्स नकोच?"

"जीन्स तर अजिबात नको, ती दोन दिवस वाळत नाही. लवकर वाळणारे कपडे घाल, वर एक लोकरीचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोपायच्या कपड्यांचा एक जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा आणि काही झालं तरी दिवसा त्याला हात लावायचा नाही. सकाळी पुन्हा ते ओलेच कपडे अंगावर चढवायचे. नको वाटतं, पण चालायला लागलं की अंगावरच वाळतात. सॅकला बाहेरून कव्हर असलं तरी आतून प्लास्टिकचं अस्तर हवंच. पाणी पाठीच्या बाजूनं शिरतं, कव्हर तिथे काय करणार?"

"थांबा, हे यांना सांगायला हवं. त्यांनी सॅकला फक्त नारिंगी कव्हर घेतलंय."

"कव्हर असू दे गं. मला खरं विचारशील तर रेनकोट आणि सॅक हा दुय्यम प्रश्न. तुमचं वेळापत्रक सांग आधी."

"पहिल्या दिवशी हरिद्वारहून गोविंदघाट. दुसऱ्या दिवशी घांगरिया. तिसऱ्या दिवशी व्हॅली, चौथ्या दिवशी हेमकुंड, पाचव्या दिवशी उतरून थेट ऋषिकेश. सहाव्या दिवशी सकाळी देहरादूनहून विमान, संध्याकाळी पुणे, रात्री घरी. यांची रजा नेमकी बसते त्यात."

"नेमकी बसते ना? मग तेच चुकलंय. त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्यांचं माहीत नाही का तुला?"

"ते गेल्या ऑगस्टात गेले होते ते? सकाळच्या वॉकिंग ग्रुपमध्ये तर सांगत असतात, काय थरार होता म्हणून!"

"थरार कसला! त्यांच्या बायकोनं मला याच भिंतीपाशी उभं राहून खरं काय ते सांगितलं. असंच वेळापत्रक होतं, मोकळा दिवस एकही नाही. व्हॅली बघून झाली, आनंदानं खाली उतरले, आणि जोशीमठच्या पुढे दरड आली. पुढे गाड्यांची रांग, मागे गाड्यांची रांग. अख्खी रात्र गाडीत बसून काढली, बिस्किटाच्या पुड्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता सुटला तोवर विमान गेलेलं. नवी तिकिटं तिप्पट पैशांनी. साताऱ्याला येईपर्यंत ती नवऱ्याशी चकार शब्द बोलली नाही म्हणे."

"अगं बाई! आणि ते आम्हाला सांगत होते, थोडा उशीर झाला म्हणून."

"पुरुषांचा थोडा उशीर! हे बघ, पावसाळ्यात हिमालयात जाणारा माणूस पायवाटेचा विचार करतो, बूट बघतो, काठी घेतो. पण अडतो तो डांबरी रस्त्यावर. ऋषिकेशपासून गोविंदघाट पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याला मुंबई जेवढी. मुंबईला आपण पाच तासांत पोचतो, तिथे सगळं सुरळीत असलं तरी दहा-बारा तास. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, विष्णुप्रयाग, अलकनंदेच्या काठाकाठानं वर. सिरोबगडसारख्या जागा तर दरवर्षी पावसाळ्यात बातमीत असतात."

"पण इतकं का ढासळतं? आपल्याकडे घाटात दरड येते, पण असं रोज नाही."

"आपल्याकडेही माणसं गेलीच ना गं. २०१४ ला माळीण, २०२१ ला तळीये, २०२३ ला इर्शाळवाडी. आपल्याच पाटण तालुक्यात २०२१ ला काय झालं ते विसरलीस? पण आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर, कोट्यवधी वर्षांपूर्वी थिजून बसलेले. हिमालय अजून वर उचलला जातोय. खडक ठिकठिकाणी चिरफाळलेला, त्यात रस्ता रुंद करायला डोंगराचा पाय कापलेला. पाणी मुरलं की वरची माती-दगड खाली. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला प्रलय झाला तेव्हा गोविंदघाटचीही दैना झाली होती. घांगरियाची वाट लक्ष्मणगंगेनं जागोजाग वाहून नेली."

"काकू, तुम्ही घाबरवताय. सासूबाई आधीच नको म्हणतायत. 'फुलंच बघायची तर आपलं कास काय वाईट आहे? गणपतीनंतर स्कूटरवर जाऊन या' म्हणतात."

"तुझ्या सासूबाईंचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही हं. कासही युनेस्कोच्या यादीत, पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये गेलं. व्हॅली २००५ मध्ये गेली, नंदादेवीच्या जोडीनं. तेरडा इथे आहे, तेरडा तिथेही आहे, उंच आणि गुलाबी. गौरीला आणतो त्याचाच भाऊबंद, बघशील तेव्हा ओळखशील. पण निळी पॉपी काही कासला मिळायची नाही. आणि हेमकुंडच्या वाटेवर खडकांत ब्रह्मकमळं, ऑगस्टात तर भरपूर."

"मग जायचं ना?"

"जायचंच. पण दोन दिवस कोरे ठेव. एक वर घांगरियाला, एक खाली. त्या दिवसांपुढे काही लिहायचंच नाही."

"यांना हे पटणं कठीण. 'रिकामा दिवस' म्हटलं की त्यांच्या पोटात दुखतं. पैसे भरून नुसतं बसायचं?"

"बसायचं कशाला? वरचा कोरा दिवस कशासाठी ते सांगते. व्हॅलीत मुक्काम करता येत नाही, तंबू लावायला बंदी. सकाळी फाटकातून आत जायचं आणि संध्याकाळच्या आत घांगरियाला परत यायचं. तुम्ही गेलात त्या दिवशी ढग खाली उतरलेले असले तर दहा हातांवरचंही दिसणार नाही. हाताशी दुसरा दिवस असला की पुन्हा जाता येतं. वनखात्याचा परवाना किती दिवस चालतो तेवढं आधी विचारून घे."

"हे मला माहीतच नव्हतं!"

"आणि उंचीचं काय? गोविंदघाट १८०० मीटरच्या आसपास, म्हणजे मुळात आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. तिथून जीपनं पुलन्यापर्यंत, मग साधारण दहा किलोमीटर चालून घांगरिया, ३००० मीटरच्या वर. हेमकुंड त्याच्याही वर, सहा किलोमीटरांत बाराशे-तेराशे मीटरची चढाई. चारेक अजिंक्यतारे एकावर एक ठेव, आणि हवा साताऱ्याची नाही. तिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा आधी व्हॅली, नंतर हेमकुंड, हा तुमचा क्रम बरोबर आहे. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर गोळी घेऊन वर रेटायचं नाही, खाली यायचं. एखाद्याला घांगरियाला पहिल्याच रात्री त्रास झाला तर तो कोरा दिवस त्याच्या कामी येतो."

"लेकीचं काही नाही हो, ती धावत जाईल. यांचंच बघायचं."

"धावणाऱ्यांनाच आधी त्रास होतो. तरणी पोरं पहिल्या दिवशी जोर दाखवतात आणि संध्याकाळी उलट्या करत बसतात. तिला सांग, हळू चाल, पाणी पी. हेमकुंडला गुरुद्वारात गरम खिचडी आणि चहा मिळतो. तो घेऊन निवांत बसा, पण दुपारी उतरायला लागा. वर मुक्कामाची सोय नाही."

"पलीकडच्या गल्लीतला तो आयटीतला मुलगा म्हणत होता, पावसाळ्यात उत्तराखंडला जाणं म्हणजे वेडेपणा. त्यापेक्षा हंपटा पास करा."

"त्याचंही खोटं नाही. आपल्या जिल्ह्याचंच बघ ना. महाबळेश्वरला धो-धो, आणि माण-खटावला टँकर. ढग डोंगराच्या अलीकडेच रिकामे होतात. तिकडेही तसंच. हंपटाची खिंड ४२७० मीटरच्या आसपास. मनालीच्या बाजूनं चढताना हिरवंगार, भिजरं. खिंड ओलांडून लाहौलमध्ये छतरूला उतरलं की सगळा डोंगर तपकिरी, कोरडा. एका दिवसात दोन मुलूख. लडाख-स्पितीही तसंच, पावसाच्या सावलीत. ज्यांना भिजायचंच नाही त्यांनी जुलै-ऑगस्टात तिकडे जावं. पण तिथे पोचायचे रस्तेही त्याच पावसातून जातात हं. कोरे दिवस तिथेही लागणारच."

"मग आम्ही तिकडेच जाऊ का?"

"तुला फुलं बघायची ना? मग पाऊस चालवून घ्यावा लागेल. फुलं येतातच त्या पावसावर. अगं, ही घाटी जगाला कळली तीसुद्धा पावसाळ्यात. १९३१ मध्ये फ्रँक स्माइथ नावाचा इंग्रज गिर्यारोहक कामेट शिखर सर करून सोबत्यांबरोबर परत येत होता. पाऊस-वाऱ्यात खिंड ओलांडून उतरला तो थेट या फुलांत. मग १९३७ मध्ये मुद्दाम परत आला, तिथे राहिला, पुस्तक लिहिलं. अर्थात खालच्या भ्युंडार गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं-मेंढ्या चारत होते, त्यांना कोणी विचारलं नाही."

"नेहमीचंच. आपल्या गल्लीतलं आंब्याचं झाडसुद्धा नगरपालिकेनंच शोधलं म्हणतात!"

"आणि १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग नावाची इंग्रज बाई फुलं गोळा करायला आली. एकटी, मजूर-वाटाड्यांबरोबर. उतारावर पाय घसरून तिथेच गेली. तिची कबर घाटीतच आहे, बहिणीनं नंतर येऊन दगड बसवला. तिथपर्यंत नक्की जा."

"आता तिथे गुरं जातात का हो?"

"राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद झाली. मग दुसरंच सुरू झालं. एक उंच रानटी झुडूप माजलं, फुलांची जागा खायला लागलं, आता वनखातं दरवर्षी ते उपटत बसतं. आपल्याकडे कासच्या तारेच्या कुंपणावरून केवढा वाद झाला होता, आठवतंय ना? गुरं अडवावीत की सोडावीत, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच."

"बरं काकू, खालचा कोरा दिवस राहिला की. रस्ता सुरळीत निघाला तर त्याचं काय करायचं?"

"गोविंदघाटहून बद्रीनाथ पंचवीसेक किलोमीटर. रस्ता उघडा असला तर दर्शन घ्यायचं, माणा गाव बघायचं, आणि परतीला लागायचं. मधे लामबगडला अडकण्याची शक्यता असते, तेव्हा तिथल्या ड्रायव्हरला विचारून. तो 'आज नको' म्हणाला की नको. आणि यात्रेची नोंदणी आधी करून ठेव, हेमकुंड आणि बद्रीनाथ दोन्हीची. रोख पैसे बरोबर असू देत. पहाडात गाडी पहाटे काढायची, अंधार पडायच्या आत मुक्कामाला. विमानाचं तिकीट रद्द होत असेल तर कर, साताऱ्यावरून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते..."

"बद्रीनाथ? कोण चाललंय बद्रीनाथला?"

"अय्या, सासूबाई! तुम्ही कधी आलात बाहेर?"

"मघाशीच. दळण ठेवायला चालले होते. हे दोन दिवस जास्त कसले काढताय?"

"ते... रस्ता बंद पडला तर हाताशी असावेत म्हणून, काकू सांगतायत. नाही पडला तर बद्रीनाथ."

"मग मला आधी का नाही सांगितलंत? मी कास-कास करत बसले. चारधामातलं एक धाम पंचवीस किलोमीटरवर आणि माझा मुलगा तिथून मागे फिरणार होता? रजा वाढवून घे म्हणावं त्याला. मी येते."

"सासूबाई, अहो पण तिथे थंडी, पाऊस, दहा किलोमीटर चढ..."

"तुम्ही फुलं बघा, मी घांगरियाला घोड्यावरून येईन नाही तर खाली गुरुद्वारात बसेन. लंगरात चपात्या लाटेन. तेवढं येतं मला."

"ऐकलंत काकू? आता तीनाची चार तिकिटं, आणि यांना साहेबाकडे दोन दिवस जास्त मागायचे. तुम्हीच लावलंत हे."

"मी काय लावलं? मी फक्त कोरे दिवस ठेवायला सांगितले. त्यात काय भरायचं ते ज्यानं-त्यानं ठरवायचं. वहिनी, डॉक्टरांना दाखवून घ्या आधी, बीपीची गोळी चालू आहे ना तुमची? आणि उद्यापासून पहाटे माझ्याबरोबर अजिंक्यताऱ्यावर. साडेपाचला फाटकाशी उभी राहीन. आणि सूनबाई, तो गळका रेनकोट दुकानात परत देऊन या आज, बिल जपून ठेवलंय ना?"