पान झाका, बी दाखवा

झाड एकच, पण त्याच्या एकेका अवयवाला वेगळा न्याय. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात शेंड्याची फुलं म्हणजे गांजा, त्याला तुरुंग. निव्वळ पान म्हणजे भांग; तिचं काय करायचं ते राज्यांनी ठरवायचं. बी मात्र 2021 पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, कृपेने थेट स्वयंपाकघरात.

एफएसएसएआयच्याच नियमांनी बियांच्या तेलाची जाहिरातही सोवळ्यात बसवली. नशेचा उल्लेख नको आणि बाटलीवर पानाचं चित्र तर मुळीच नको. बी काढलं तर चालेल. म्हणजे लग्नपत्रिकेत लेकीचा फोटो छापा, आईचा लपवा!

खुद्द पानाचं काय? मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. नशेच्या मालाची जाहिरात टीव्हीवर करायला 1994 च्या केबल नियमांनी बंदी आहे. भांगवाल्याला त्याचं सोयरसुतक नाही. महाशिवरात्रीला साक्षात भोलेनाथ त्याचे ब्रँड अँबेसेडर, होळीला हिंदी सिनेमाची गाणी, मानधन शून्य. नोटीस काढायची तर कैलासाचा पिनकोड सापडत नाही.

जाहिरातीवाचून गर्दी कशी जमते, हे मध्य प्रदेशातल्याच पांढुर्ण्याला कुणी शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते, दोन काठांची एकमेकांवर दगडफेक. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, रबरी चेंडू देऊन पाहिले. पांढुर्णा आणि सावरगावने गोटेच उचलले. ज्यांना खरी जाहिरात हवी ती शेजारच्या सौंसरची संत्री मात्र बाजारात नागपुरी म्हणून खपतात.

सौंसरहून सावनेरला निघालेल्या भाऊच्या खिशातली भांगेची गोळी राज्याची हद्द ओलांडताच महाराष्ट्राच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या तावडीत सापडते. मोबाइलवरच्या जाहिरातीला हद्द नाही. ‘विजया’चे (म्हणजे आयुर्वेदातल्या भांगेचे) थेंब घ्या, झोप लागेल, ताण जाईल, कंबरदुखी पळेल! भांग असलेल्या आयुर्वेदिक औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्या’ असं छापणं बंधनकारक आहे. पण दावा ठळक आणि इशारा मुंगीएवढा.

दुकानातल्या सुट्या गोळीवर तर तेवढाही इशारा नाही. किती ताकदीची, कुणी घेऊ नये, काही पत्ता नाही.

तेव्हा पानाच्या चित्रावर डोळा ठेवणाऱ्या साहेबांनो, एवढं करा. प्रत्येक भांग दुकानाच्या पाटीवर मराठीत आणि हिंदीत, दुकानाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत लिहायला लावा: पोरांना मिळणार नाही, घेऊन गाडी चालवू नये, भांग उशिरा चढते, म्हणून ‘काहीच होत नाही’ म्हणत दुसरी गोळी घेऊ नये. या झाडाची एवढी एक जाहिरात सक्तीची केलीत, तर आमची काही हरकत नाही.