ताशी चार मैल

कालव्यावरच्या निवांत सुट्टीची सुरुवात व्याख्यानाने होते. वेल्समधल्या ट्रेव्हरच्या धक्क्यावर आमच्या ताब्यात आलेली नॅरोबोट रुंदीला सात फुटांना दोन बोटं कमी आणि लांबीला साठच्या घरात होती. ती मागच्या टोकाला उभं राहून चालवायची असते. त्यामुळे पुढचं टोक कुठे चाललंय हे चालवणाऱ्याला सगळ्यांत शेवटी कळतं. भाड्याची बोट चालवायला लायसन्स लागत नाही. लागतो तो धीर, आणि तो धक्क्यावरचा माणूस व्याख्यान देऊन संपवतो.

टाकीत पाणी रोज भरा. संध्याकाळी इंजिन बंद केलंत की ग्रीसची मूठ पिळा. पंख्यात पिशवी-बिशवी अडकली तर इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून, मागचं झाकण उघडून आत हात घाला. मग झाकण घट्ट लावा, नाहीतर बोट बुडेल. हे शेवटचं त्याने 'डबा घट्ट लावा, नाहीतर चिवडा मऊ पडेल' अशा सुरात सांगितलं. मेहुणी वहीत उतरवून घेत होती. साडूभाऊ बर्मिंगहॅमचे रहिवासी, त्यामुळे सगळं आधीच ठाऊक असल्यासारखे मान डोलवत होते. आमच्या सौ.नी एकच प्रश्न विचारला, "संडासाची टाकी कोण रिकामी करणार?" यावर आम्ही दोघे पुरुष कालव्याचं सौंदर्य न्याहाळू लागलो.

सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते. हे डोक्यात मुरायला निदान एक दुपार तरी हवी. पण ट्रेव्हरहून निघालं की काही मिनिटांतच समोर पाँटकिसिल्टे येतो. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी दहा वर्षं खपून १८०५ साली पुरा केलेला हा पूल. त्यावर रस्ता नाही, रूळ नाहीत. ओतीव लोखंडाच्या पन्हळीतून अख्खा कालवाच डी नदीच्या वरून जातो. लांबी ३०७ मीटर, खाली नदी १२६ फुटांवर. २००९ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला पन्हळीची कड पाण्याच्या वर जेमतेम वीतभर, आणि तिच्यापलीकडे काही नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही.

साडूभाऊ म्हणाले, "तुम्हीच घ्या दांडा. पाहुण्यांचा मान." इतकी वर्षं इंग्लंडात राहूनही मान कधी द्यावा हे ते विसरले नव्हते. पन्हळ बोटीपुरतीच रुंद असल्याने तिथे सुकाणूवाल्याला करण्यासारखं काही नसतं. घाबरायला त्याला पुरेसा वेळ मिळतो. खाली झाडांचे शेंडे दिसत होते. मेहुणीने मधेच वाचून दाखवलं, की या पन्हळीच्या मधोमध एक बूच आहे आणि दुरुस्तीच्या वेळी ते काढून सगळं पाणी खाली नदीत सोडतात. सौ. एवढंच म्हणाल्या, "आज कुणी काढत नाहीये ना?"

पलीकडे पोचल्यावर खरा प्रश्न सुरू झाला: आता काय करायचं? कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी चार मैल, आणि बांधलेल्या बोटींजवळून तर रांगतच जायचं. आपल्याकडे सहल म्हणजे दिवसाला पाच ठिकाणं, पैकी दोन देवळं. साडूभाऊ दर दहा मिनिटांनी फोनवर चर्क गाव किती लांब राहिलं ते बघत आणि आकडा तोच निघाला की फोनवर चिडत. बोट खालीवर करणाऱ्या लॉकच्या पाणझडपा उघडायची लोखंडी किल्ली त्यांनी पाठीमागे पट्ट्यात खोचली होती. पहिलं लॉक सीमा ओलांडून इंग्लंडात गेल्यावर येतं, असं नकाशात स्पष्ट दिसत होतं. तरी किल्ली काही निघाली नाही. पायवाटेवरून एक आजीबाई कुत्र्यासह आल्या, हवेबद्दल सविस्तर बोलल्या आणि आम्हाला मागे टाकून गेल्या.

या कालव्याला घाई कधी मानवलीच नाही. रेल्वे आली, माल गेला, १९४४ साली कायद्याने तो बंदही झाला. पण डी नदीचं पाणी तो चेशरकडे पोचवत होता, म्हणून कुणी बुजवला नाही. नळाच्या पाण्यामुळे वाचलेला जागतिक वारसा, ही गोष्ट पुणेकराला तरी लगेच पटावी.

चर्कच्या अलीकडे झाडीत आंधळं वळण आणि त्यावर एक कमानी पूल होता. अशा ठिकाणी भोंगा वाजवायचा असतो. आमचा भोंगा कुठे आहे ते मेहुणीच्या वहीत होतं आणि वही खाली होती. सौ.नी मुंबईहून आणलेला कुकर मात्र त्याच वेळी गॅसवर होता, आणि वरण-भाताने नेमकी वेळ साधली. एक शिट्टी, दुसरी, तिसरी. कमानीतून बाहेर डोकावलेलं समोरच्या बोटीचं नाक हळूहळू मागे सरकलं. आम्ही दिमाखात पुलाखालून गेलो. त्या बोटीवरच्या गृहस्थांनी टोपी काढून साडूभाऊंना विचारलं, हा कुठला भोंगा, कुठे मिळतो?

साडूभाऊ पट्ट्यातल्या किल्लीवर हात ठेवून उत्तर देणार, तेवढ्यात खालून आवाज आला, "अहो, किती झाल्या? मी मोजल्या नाहीत!"