सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी

जुन्या गाडीच्या जाहिरातीत गाडी नेहमी सिंगल ओनर, डॉक्टरांची आणि फारशी न पळालेली असते. इतके डॉक्टर दवाखान्यात जातात तरी कशाने, हे कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची. गाडीचा नंबर टाकला की नापास झालेले टायर, गंजलेला पत्रा आणि त्या दिवशीचे मीटरचे रीडिंग कोणालाही फुकट दिसते. आपल्याकडे खासगी गाडीची सक्तीची तांत्रिक तपासणी थेट 15 वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणावेळी. तोवर पीयूसी, म्हणजे फक्त धुराची चौकशी. ब्रेकबद्दल ते प्रमाणपत्र अवाक्षर काढत नाही.

सरकारच्या ‘एमपरिवाहन’ ॲपवर सगळे कळते की, असे कोणी म्हणेल. कळते ना: विमा, पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा. मागे फिरवलेले मीटर मात्र तिथे कळत नाही. सर्व्हिसची नोंदवही असते हेही खरे. पण वॉरंटी संपली की गाडी नाक्यावरच्या गॅरेजात जाते आणि तिथली नोंदवही मिस्त्रीच्या डोक्यात असते. तेव्हा विमा कंपनीकडून आजवरच्या क्लेमची माहिती आणून द्या, असे विकणाऱ्याला सांगा. तो टाळाटाळ करू लागला, तर गाडीची तपासणी झाली असे समजा.