शस्त्रक्रियापूर्व अभ्यासक्रम

सालेकसा तालुक्याच्या बाजारात गोंडी, पोवारी, छत्तीसगढी, हिंदी, मराठी, सगळ्या भाषा कानावर पडतात. यांतली एकही न वापरता माणसाचे पोट उघडायची परवानगी त्याच माणसाकडून मिळवणे, हे कौशल्य खरोखर स्तुत्य आहे. रुग्णाला पुरेशी माहिती देऊनच संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात बजावले. माहिती तर छापील इंग्रजी अर्जात ठासून भरलेली असते! लॅपरोटॉमी, हिस्टरेक्टॉमी, अ‍ॅनास्टोमोसिस... कुणी वाचलेच नाही तर दोष कागदाचा नव्हे.

तरीही एक नम्र सूचना. दाखल होताच रुग्णाला इंग्रजी वर्णक्रमाने शब्दावली शिकवावी. अ‍ॅपेंडिक्सवाले नशीबवान, पहिल्याच दिवशी सुटतील. हर्नियाने आठवडाभर धीर धरावा. युटेरसवाल्या बायांनी मात्र आधी धानाची रोवणी उरकून यावे. भूल फक्त उत्तीर्णांना. नापासांना पुरवणी परीक्षेपर्यंत कळ सोसण्याची मुभा. डॉक्टरांवर गोंडीचा बोजा टाकू नये, त्यांचे शिक्षण पूर्ण झालेले आहे.

परीक्षेचा धसका कुणी घेऊ नये म्हणून एक सवलतही असावी : उत्तरपत्रिकेत उत्तराच्या जागी डाव्या हाताचा अंगठा चालेल.