पट्टेवाला

टेबलाखाली चालता पट्टा सरकवून, त्यावर पावले टाकत लॅपटॉपवर काम करणारा नोकरदार म्हणजे पट्टेवाला. 2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या कंपन्या लॅपटॉपसकट घराघरांत आल्या, तेव्हापासून हा प्राणी रत्नागिरीतही आढळतो. शिवाजीनगर, नाचणे, थिबा पॅलेसचा परिसर ही त्याची वसतिस्थाने. वय तिशी ते पन्नाशी, पोट नुकतेच डोकावू लागलेले, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ.

त्याच्या यंत्राचा पूर्वज शिक्षा म्हणून जन्मला. 1818 च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायांनी फिरवायचे चाक काढले. त्या कैद्यांना प्रेरणेची अडचण कधी आली नाही. शेजारी शिपाई उभा असे. पुढे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. जेम्स लेव्हिन यांनी बैठ्या नोकरीवर उतारा म्हणून ट्रेडमिल आणि टेबल यांचे लग्न लावले. शिपाई मात्र त्यांनी दिला नाही. पट्टेवाल्याची सारी धडपड ही रिकामी जागा भरण्याची आहे.

ताशी सुमारे दोन किलोमीटर हा त्याचा वेग. त्यापुढे टायपिंग बिघडते आणि माउस भलतीकडे जातो. आकडेमोडीचे काम बसूनच करावे लागते. म्हणून जाणता पट्टेवाला चालणे मीटिंगसाठी राखून ठेवतो. इतर बोलत असतात, हा ऐकत असतो, निदान तसे दिसते. कॅमेऱ्यात त्याचे डोके होडीत बसल्यासारखे हलते आणि साहेबाला वाटते, हा प्रत्येक गोष्टीला मान डोलावतोय. त्याने पगार वाढत नाही, काम वाढते.

पहिला शिपाई म्हणजे मनगटावरचे घड्याळ. त्याचा हुकूम रोज दहा हजार पावलांचा. हा आकडा 1965 मध्ये एका जपानी कंपनीने आपले पाऊलमोजणी यंत्र खपवण्यासाठी रूढ केला; वैद्यकशास्त्राने तो नंतर तपासायला घेतला. पट्टेवाल्याला हे ठाऊक असते. तरी रात्री साडेअकराला चारशे पावले कमी पडली, की तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतो आणि घरची झोप मोडतो.

घरच्यांना शिपाईगिरी सहज जमली असती. पण कौतुक करून माणूस बिघडवण्याची पद्धत रत्नागिरीत नाही. “एवढा चालतोयस, तर जाता जाता दोन नारळ तरी घेऊन ये,” असे आजी म्हणते. वडील फक्त विजेचे बिल दाखवतात. शेजारचे काका रोज गडग्यावरून विचारतात, “काय रे, कुठवर पोचलास?”

हा टोमणा काही जण मनावर घेतात आणि त्यातून चांगली युक्ती निघते. भिंतीवर नकाशा लावून रोजचे अंतर त्यावर मांडायचे. रोज चार किलोमीटर धरले, तर हातखंबा, निवळी, संगमेश्वर, सावर्डे करत सुमारे नव्वद किलोमीटरवरचे चिपळूण महिन्याभरात येते, रविवारची सुट्टी धरून. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 पासून वर्षानुवर्षे रखडले, हे पाहता पट्टेवाल्याची प्रगती डोळ्यांत भरणारी आहे.

तरी सर्वांत भरवशाचा शिपाई म्हणजे रोजची ठरलेली मीटिंग. साडेदहाची मीटिंग लागली की पट्टा चालू. चालावे की नाही, याचा विचार करायचाच नाही. विचार करणारा पट्टेवाला खुर्चीत बसतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याखालोखाल महत्त्वाची वीज. ऐन मीटिंगमध्ये ती गेली, इन्व्हर्टरला पट्टा पेलला नाही, की दोन दिवस मोडतात आणि तिसऱ्या दिवशी सवयही मोडते.

खरी कसोटी लागते एप्रिल-मेमध्ये. हापूसची अढी घालायला सावलीची, वाऱ्याची खोली लागते आणि ती नेमकी पट्टेवाल्याचीच असते. पट्टा भिंतीला उभा राहतो, त्याच्या जागी पेंढा पसरतो. आंब्याशी वाद घालून रत्नागिरीत कोणी जिंकलेले नाही. महिनाभर पट्टेवाला खुर्चीत बसून काम करतो आणि मीटिंग चालू असताना हळूच एकेक आंबा चाचपतो.

जूनमध्ये पेंढा निघतो. बाहेर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस; मांडवीला किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जाणे बंद. पट्ट्याचा खरा उपयोग याच चार महिन्यांत. आंबे संपल्यावर आठवड्याभरात जो पट्टेवाला पट्टा पुन्हा आडवा करतो, तो टिकतो. बाकीच्यांचा पट्टा ओल्या कपड्यांखाली आणि खाऱ्या हवेत गंजू लागतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत व्हॉट्सॲपवर विक्रीला निघतो. जाहिरातीत ‘फारसा वापरलेला नाही’ असे लिहिलेले असते. ते शब्दशः खरे असते.