मार्चचं मंत्रिमंडळ

मार्चअखेर कुणालाच चुकत नाही. बँकवाले, ठेकेदार, पंचायतीचे कारकून सगळेच त्या महिन्यात घामाघूम असतात. शाळांचीही तीच गत. फरक एवढाच की सरकारी खात्यांकडे निधी शिल्लक राहतो आणि आमच्याकडे धडे. दोन्ही वर्ष संपायच्या आत कसेबसे खर्ची टाकायचे असतात.

दांडेलीहून अंबिकानगरच्या वाटेवर कुळगी लागतं. पर्यटकांना ते वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे माहीत आहे. याच भागातल्या एका शाळेत मी सहावी ते आठवीला समाजविज्ञान शिकवतो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. वर्गात कन्नड, मैदानात मराठी आणि कोकणी, भांडणात तिन्ही, अशी आमची भाषाव्यवस्था आहे.

आमच्या कर्नाटकात वर्षभरात चार एफए, म्हणजे आकारिक मूल्यमापनं, आणि दोन एसए, म्हणजे संकलित मूल्यमापनं होतात. एफएमध्ये लेखी परीक्षेच्या जोडीला उपक्रमही करायचे असतात. हे उपक्रम वर्षभर करावेत, अशी शिक्षणतज्ज्ञांची अपेक्षा आहे. आमच्याकडे ते वर्षभर आठवतात आणि मार्चमध्ये होतात. होतात म्हणजे फायलीला लागतात. उपक्रमाला पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे फोटो.

वृक्षारोपणाचंच घ्या. आमच्या चहूबाजूंना काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. साग, जांभा, बांबू, बघाल तिकडे झाडंच. एवढ्या झाडांच्या गर्दीत आणखी एक झाड लावून पर्यावरण वाचवायचं, तेही मार्चच्या उन्हात! म्हणून आम्ही जासवंदीची एक कुंडी ठेवली आहे. सहावी तिच्याभोवती उभी राहते, फोटो निघतो. मग सातवी, मग आठवी. झारी रिकामीच असते, पण ती तिरकी कशी धरायची ते मुलांना नेमकं कळतं. यंदा कॅमेरा रोखला तेवढ्यात आठवीतला एक मुलगा म्हणाला, “थांबा सर, शर्ट बदलून येतो. गेल्या वर्षीच्या फोटोत हाच आहे.” लेखापरीक्षणाची एवढी जाण मला नोकरीत बरीच वर्षं काढल्यावर आली होती.

सातवीला प्रकल्प दिला होता, ‘आमच्या परिसरातील वन्यप्राणी’. दुसऱ्या दिवशी टेबलावर वह्यांचा ढीग पडला. सिंह, जिराफ, झेब्रा, एका वहीत कांगारूसुद्धा. दांडेलीच्या स्टेशनरीच्या दुकानात प्राण्यांचा जो तक्ता मिळतो, तो कापून सगळ्यांनी आपापसांत वाटून घेतला होता. कांगारू ज्याच्या वाट्याला आला तो जरा नाराज होता, पण त्याने खाली इमानदारीत लिहिलं होतं, ‘हा प्राणी आमच्या भागात कमी आढळतो.’

“अरे, गवा कुठे आहे?” मी विचारलं. “परवाच तर कुंपण मोडून आत आला होता.”

“तो वन्यप्राणी नव्हे सर,” मागच्या बाकावरून एकजण शांतपणे म्हणाला. “तो आमच्या शेतात येतो.”

यावर काय बोलणार? मी कांगारूला सात गुण दिले.

परीक्षेच्या बाबतीत मात्र मुलांना कुणी बोल लावू नये. 2024 साली पाचवी, आठवी आणि नववीची बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा घ्यायचं ठरलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. 11 मार्चला परीक्षा सुरू झाली. 12 मार्चला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि ती मधेच थांबली. 22 तारखेला उच्च न्यायालयाने हिरवा कंदील दाखवला आणि 25 तारखेला पोरं पुन्हा पेपरला बसली. 8 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निकाल जाहीर करायलाच स्थगिती दिली. न्यायव्यवस्थेचा धडा मी वर्षभर ओरडून शिकवला होता, तरी खंडपीठ म्हणजे काय ते कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. त्या महिन्यात आठवीतली पोरं पेज जेवता जेवता खंडपीठावर बोलायला लागली. एकाने तर गणिताच्या पेपरवर स्थगिती मिळवायला किती खर्च येतो, याची चौकशी केली.

राहता राहिली शाळा संसद. तिच्यात मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, आहारमंत्री असे सगळे असतात. वर्षभर स्वच्छतामंत्र्यांनी झाडू मारायचा आणि आहारमंत्र्यांनी जेवणाच्या पंगती बसवायच्या, एवढाच कारभार. पण आठवीच्या निरोप समारंभाचा खर्च आला आणि सरकार जागं झालं. वर्गणी जमली. फरसाण, केळी आणि आमसुलाचं सरबत असा बेत ठरला. आदल्या संध्याकाळी माल वर्गात ठेवला. सकाळी बघतात तो फरसाणाच्या दोन पिशव्या गायब.

आहारमंत्री उठून उभे राहिले. “खिडकी उघडी राहिली होती. वानर आले होते.”

आमच्याकडे हे कारण कुणीही मान्य करतं. वानरांनी गृहपाठाच्या वह्याही नेलेल्या आहेत. पण विरोधी पक्षनेती चुणचुणीत. ती म्हणाली, “घडभर केळी समोर ठेवून नुसतं फरसाण नेणारे वानर कुठल्या गावचे?”

सभागृहात गोंधळ. आरोग्यमंत्र्यांनी खुलासा केला की वानरांना हल्ली पर्यटकांनी तिखटाची सवय लावली आहे. स्वच्छतामंत्र्यांनी बाकाखाली पिशवी सापडल्याचं सांगितलं, आणि तिला गाठ व्यवस्थित मारलेली होती, हेही. आता सरकार पडणार, असं वाटत असतानाच मुख्यमंत्री उठले. त्यांनी चौकशी समिती जाहीर केली. समितीत आहारमंत्री स्वतःच होते, कारण घटनास्थळाची माहिती त्यांनाच जास्त. अहवाल जूनमध्ये, शाळा उघडल्यावर. विरोधी पक्षनेतीसकट सगळ्यांनी बाकं वाजवली आणि उरलेल्या फरसाणावर ताव मारला.

जूनमध्ये हे सगळं मंत्रिमंडळ दुसऱ्या शाळेत नववीत असणार, हे मुख्यमंत्र्यांना पक्कं ठाऊक होतं. विरोधी पक्षनेतीलाही होतं, म्हणूनच तिने जास्त ताणलं नाही. मी दोघांनाही समाजविज्ञानाच्या उपक्रमात पैकीच्या पैकी गुण दिले. फायलीत मात्र त्या जागी जासवंदीची कुंडी लावावी लागली. अधिवेशनाचा फोटो काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं.