घरगुती वेगयान आणि हुरुपाचा प्रश्न: जव्हार-मोखाडा परिसरातील एक शास्त्रीय टिपण

जमिनीवर सर्वांत वेगाने धावणारी गाडी घरच्या घरी कशी बांधावी, यावर जगात बरंच लिहून झालं आहे. ती बांधून होईपर्यंत बांधणारा कसा टिकावा, यावर मात्र विद्वानांनी मौन पाळलेलं दिसतं. ही उणीव भरून काढायचा अधिकार प्रस्तुत लेखकाला आहे, कारण त्याच्या जव्हारच्या घराच्या पडवीत, निळ्या ताडपत्रीखाली, एक वेगयान गेली नऊ वर्षं उभं आहे. एवढ्या काळात ते एकूण अडीच हात सरकलं, तेही पुतणीच्या लग्नातली भांडी आत न्यायची होती म्हणून.

आधी संज्ञा स्पष्ट करू. हौस वेगळी, जिद्द वेगळी, नाद वेगळा आणि हुरूप वेगळा. हौस खिशात पैसे असेपर्यंत टिकते. जिद्दीला समोर कुणीतरी प्रतिस्पर्धी लागतो. नादाला काहीच लागत नाही, म्हणून घरचे त्याला भितात. हुरूप ही त्यामानाने सौम्य शक्ती आहे. रात्रीचं जेवण झालंय, लाइट आहे, डोळ्यांवर झोप आहे, तरी पाय आपसूक पडवीकडे वळतात, त्या वळण्याच्या मुळाशी जे असतं ते हुरूप. त्याचं माप चहात घ्यावं. एका बैठकीत एक चहा म्हणजे साधारण हुरूप, तीन म्हणजे तीव्र. चौथा मागितला तर उत्तर स्वयंपाकघरातून येतं आणि त्याची नोंद शास्त्रात करता येत नाही.

या विषयावरचा मुख्य आक्षेप भूगोलाचा आहे. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर बसलेलं, सगळीकडून घाटरस्त्यांनी वेढलेलं गाव. मोखाड्याकडे निघालं की उतार, वळण, ओहोळ, चढ, परत वळण. तिथून त्र्यंबकला जायचं तर तोरंगणचा घाट, खोडाळ्याहून कसाऱ्याला उतरायचं तर पुन्हा घाटच. प्रस्तुत लेखकाने दोन्ही तालुक्यांतल्या सरळ रस्त्यांची पाहणी केली. निष्कर्ष असा की समोरून येणारा बैल कुणाचा आहे हे ओळखू येण्याआधी रस्ता वळतो. अशा मुलखात वेगयान बांधणं म्हणजे वाळवंटात होडी बांधणं, असं आक्षेपकांचं म्हणणं. (मुख्य आक्षेपक लेखकाचे सख्खे मेहुणे आहेत. ते बोईसरला असतात आणि त्यांना सपाटीचा गर्व आहे.)

आक्षेपाला आणखी धार येते ती विक्रमाच्या नियमांनी. जागतिक विक्रम मोजताना गाडी एकदा धावून भागत नाही. मोजलेल्या अंतरावरून ती एकदा जायला हवी, मग तासाभराच्या आत उलट दिशेने यायला हवी, आणि दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरतात. वाऱ्याचा किंवा उताराचा फायदा कुणी लाटू नये म्हणून ही अट. आमच्याकडे उताराचा फायदा घेतल्याशिवाय काहीच चालत नाही, जीपसुद्धा. आणि गेलेला माणूस तासाभरात उलट दिशेने आला तर लोक विचारतात, काय विसरलं?

आता या आक्षेपाला उत्तर. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन यांनी ‘थ्रस्ट एसएससी’ नावाची गाडी ताशी १,२२७.९८ किलोमीटर वेगाने नेली. जमिनीवर ध्वनीच्या पुढे गेलेली ती पहिली गाडी, आणि तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. तिला रोल्स-रॉईसची दोन जेट इंजिनं होती आणि चाकं भरीव अ‍ॅल्युमिनियमची, कारण त्या वेगाला रबराच्या चिंधड्या उडतात. या वेगाने जव्हारहून मोखाडा सव्वा मिनिटात येईल. एसटीला पाऊण तास लागतो. पण मुद्दा असा की ब्लॅक रॉक ज्याच्या अंगणात आहे, त्याला एक ना एक दिवस गाडी बाहेर काढावीच लागते. काढली की ती अपेक्षेपेक्षा कमी धावते, आणि हुरुपाचं तिथेच मातेरं होतं. ज्याच्या दारात चाळीस पावलांवर वळण आहे, त्याच्या गाडीचा कमाल वेग कधीच सिद्ध होत नाही, म्हणून तो कमीही होत नाही. माझ्या गाडीचा सैद्धांतिक वेग पहिल्या वर्षी ताशी २२० होता. परवाच्या हिशेबात तो ३४० झाला. आमच्याच जिल्ह्याच्या समुद्राकडच्या पट्टीतून बुलेट ट्रेनचे खांब चाललेत, ती ३२० ने धावायची आहे. मी कागदावर पुढे आहे.

मैदान नसेल तर करता येतं, असंही कुणी म्हणेल. ‘ब्लडहाउंड’ या ब्रिटिश गाडीसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या हाक्सकीन पॅन या सपाट तळावर स्थानिक लोकांनी १६,५०० टन दगड हाताने वेचून बाजूला केले. २०१९ मध्ये गाडी तिथे ताशी हजार किलोमीटरच्या वर गेली, आणि मग पैसे संपले. मोखाड्यात दगड वेचणारे हात कमी नाहीत; रोजगार हमीवर पिढ्या गेल्या. पण दगड काढल्यावर खाली सपाटी निघेल याची हमी कुठलीच योजना देत नाही. खाली दुसरा दगड निघतो.

इतिहासाकडे वळू. पहिला नोंदलेला वेगविक्रम १८ डिसेंबर १८९८ चा. पॅरिसजवळ एका फ्रेंच काउंटने विजेवरची गाडी ताशी ६३.१५ किलोमीटरने पळवली. आज विक्रमगडच्या रस्त्याला लग्नाच्या घाईतला टेम्पो तो विक्रम नकळत मोडतो. पाठोपाठ १८९९ च्या एप्रिलमध्ये बेल्जियमच्या कामीय जेनात्झीने ताशी १०५.८८ गाठला. त्याच्या टॉर्पेडोसारख्या गाडीच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘कधीच समाधान नसलेली’. आमच्याकडे हे नाव गाडीला न देता तिच्या मालकाला देतात, आणि ते देणारी व्यक्ती घरातलीच असते.

इथे थोडं गणित अपरिहार्य आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्याला कापायला लागणारी ताकद घनाने. शंभरची गाडी दोनशेला न्यायची तर इंजिनाचा जोर दुप्पट करून भागत नाही, आठपट लागतो. हुरुपाचंही तसंच आहे, असं मी बराच काळ मानत होतो. नऊ वर्षांच्या निरीक्षणानंतर मत बदललं. हुरूप ध्येयाच्या मोठेपणावर अवलंबून नसतो. तो पुढचं काम किती लहान आहे यावर ठरतो. ‘आज इंजिन बसवू’ म्हटलं की माणूस टीव्हीसमोर बसतो. ‘आज त्या एका वायसरला ग्रीस लावू’ म्हटलं की अकरा वाजेपर्यंत पडवीतून उठत नाही, आणि वायसर तसाच राहून तीन वेगळीच कामं होतात.

दाखले द्यायचे तर परदेशी जायला नको. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ठेवण्यासाठी ते क्रेनने उतरवावं लागलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्याची नोंदणी झाली, २०१८ मध्ये राज्य सरकारशी करार झाला, आणि कारखान्याच्या जागेसाठी नाव निघालं ते आमच्याच पालघर जिल्ह्याचं. ते वाचलं त्या दिवशी माझ्याकडे पाच चहा झाले. लक्षात घ्या, गच्चीला जिना असतो, विमानाला पंख, आणि पंख जिन्यातून उतरत नाहीत. हे बांधणाऱ्याला पहिल्या दिवशी ठाऊक असणारच. तरी त्याने पहिला रिव्हेट मारला. या पहिल्या रिव्हेटवर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा.

दुसरा दाखला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचा. हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप केली, साठेक हजारांत, आणि ती किक मारून सुरू होते. चारचाकीला किक हा अभियांत्रिकीतला विनय आहे. आनंद महिंद्रांना ती इतकी आवडली की २०२२ च्या जानेवारीत तिच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. या घटनेने माझ्या घरात मोठी उलथापालथ केली. बायको तेव्हापासून ताडपत्रीकडे बोलेरोच्या दृष्टीने बघते.

या शास्त्राचे आद्यपुरुष मात्र न्यूझीलंडचे बर्ट मन्रो. दक्षिण टोकाच्या इन्व्हरकार्गिलचे. गाडी चारचाकी नव्हती, १९२० ची ‘इंडियन स्काउट’ मोटरसायकल होती. (नाव इंडियन, पण कंपनी अमेरिकन.) नवी असताना ती नव्वदच्या आतबाहेर पळायची. मन्रोंनी शेडमध्ये बसून, जुन्या डब्यांचे साचे करून, तिचे पिस्टन स्वतः ओतले. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ती ताशी पावणेतीनशेच्या पुढे नेऊन त्यांनी हजार सीसीच्या आतला विक्रम केला. मला त्यांची फळी जास्त मोलाची वाटते. फुटलेले पिस्टन आणि मोडलेले सुटे भाग त्यांनी शेडमधल्या एका फळीवर मांडले होते, वेगाच्या देवाला वाहिलेले म्हणून. मीही तशी फळी केली. दसऱ्याला तिला झेंडूचं तोरण असतं. तिच्यावर आटे गेलेले एकवीस बोल्ट, एक चिरलेलं गॅस्केट, आणि मेहुण्यांनी भेट दिलेला टेप, ज्याच्यावरचे सेंटिमीटर पुसले गेलेत.

आता तपशिलाकडे. हुरुपावर बाहेरून होणारे आघात बहुतेक प्रश्नांच्या रूपात येतात. ‘झाली का गाडी?’ हा प्रश्न साधा दिसतो, पण ऐकणाऱ्याचा एक चहा कमी करतो. ‘अजून आहेच का ती?’ हा नातेवाइकांचा प्रश्न दोन दिवस निकामी करतो. याउलट, बाजारात भेटलेला अनोळखी माणूस ‘किती देते?’ विचारतो, तेव्हा उभारी येते, कारण गाडी आहे आणि ती धावते हे त्याने गृहीत धरलेलं असतं. म्हणून मी खरं उत्तर टाळून दुसऱ्याच गाडीचा आकडा देतो. थ्रस्ट एसएससी सेकंदाला अठरा लिटर इंधन पीत असे, म्हणजे लिटरला वीस मीटर सुद्धा नाही. हे सांगितल्यावर तो माणूस म्हणाला, ‘मग पायीच परवडतं.’

पावसाळा हा आघात आहे की उपचार, यावर मतभेद आहेत. जूनपासून इथे असा कोसळतो की उघड्या लोखंडावर रात्रीत लाली चढते. लाल प्रायमर मारावा, तो वाळत नाही. वाळला म्हणावं, तर खालून गंज फुगून येतो. वेल्डिंग लावलं की व्होल्टेज पडतं, शेजारच्या मावशींचा पंखा जागच्या जागी विचार करू लागतो आणि त्यांची मालिका अशा ठिकाणी थांबते की दुसऱ्या दिवशी माझ्याशी कुणी बोलत नाही. त्यामुळे चार महिने काम बंद. पण ज्या कामाला आपण हात लावू शकत नाही, तेच हवंहवंसं वाटतं, आणि गणपतीनंतर पाऊस थोडा उघडला की तीन चहांचा हुरूप असतो. मार्चात तो उतरतो. तेव्हा वैतरणेच्या धरणांचा हा मोखाडा टँकरची वाट बघत असतो, आणि हंडे वाहणाऱ्या बायांच्या समोर रेडिएटर धुवायला माणूस धजत नाही.

मोखाड्याच्या बोहाड्याने, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायच्या उत्सवाने, मला या बाबतीत काही शिकवलं. देवादैत्यांचे मुखवटे वर्षभर घराघरांत गुंडाळून ठेवलेले असतात. कोणतं सोंग कोणत्या घराचं हे पिढीजात ठरलेलं. त्यांना कुणी विचारत नाही की तुमचा नरसिंह अजून आहेच का? बोहाड्याच्या रात्री तो निघतो, संबळाच्या तालावर नाचतो, पुन्हा गुंडाळला जातो. मी माझ्या ताडपत्रीची दोरी तेव्हापासून जरा मानाने बांधतो.

शेवटी दहा नंबरचा पाना. हा कुठल्याही पडवीत हरवतोच. माझा गेले आठ महिने हरवला होता, आणि पुढचं चाक त्याच्यावाचून अडलं होतं. हुरूप अर्धा चहा. परवा संध्याकाळी मावशींचा नातू तो घेऊन आला. सायकलची सीट उंच करायला नेला होता, म्हणाला, आणि मग शाळा सुरू झाली. दंड म्हणून काय मागावं या विचारात मी होतो, तोवर त्याने ताडपत्री वर केली होती.

‘काका, बसू?’

सीट म्हणजे अजून पत्र्याचा डबाच आहे. तो त्यात उतरला, दोन्ही हातांनी नसलेलं स्टिअरिंग धरलं आणि तोंडाने इंजिन सुरू केलं. जव्हार सुटलं. मोखाड्याच्या बाजारात हॉर्न. तोरंगणच्या घाटात त्याने गिअर पाडले, एका वळणाला अंग इतकं कललं की मी चेसिस धरली. त्र्यंबकला थांबून त्याने पाणी मागितलं. मी दिलं, आणि घड्याळ पाहिलं.

‘आता?’ मी विचारलं.

‘आता परत,’ तो म्हणाला, आणि मान वळवून रिव्हर्स घेतला.

दोन्ही फेऱ्या धरून चौदा मिनिटं. अट तासाची आहे.